एकट्याचा नाताळ: वांद्रे की वसई?

मुंबईत नोकरीला नवीन आलेल्या माणसाचा डिसेंबर जरा अवघडच असतो. फ्लॅटवरचे बाकीचे सुट्टी टाकून गावी नाहीतर गोव्याला पळालेले, आपली रजा अजून साठलेली नाही, आणि खिडकीतून बघावं तर समोरच्या बाल्कनीत चांदणी लटकलेली. २४ तारखेची संध्याकाळ मोबाइल चाळत घालवायची नसेल, तर पश्चिम रेल्वेवर दोन ठिकाणं सहज सुचतात. एक वांद्रे, दुसरं वसई. मी दोन्हीकडे एकट्याने नाताळ काढलाय. मूळचा नाशिकचा, ख्रिस्ती नाही, आणि तेव्हा इथे ऑफिसबाहेर कुणी ओळखीचं नव्हतं. राहायला बोरिवलीत, त्यामुळे अंतराच्या बाबतीत कुणाला झुकतं माप देण्याचं कारण नाही.

दिसण्याचं म्हणाल तर वांद्र्याला तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. हिल रोडवर डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासूनच चांदण्या, माळा आणि लाल टोप्यांचे ठेले लागतात. पण खरी मजा आतल्या गल्ल्यांत आहे. रनवार, चॅपेल रोड, खाली समुद्राकडे चिंबई. जुन्या बंगल्यांचे लाकडी जिने, पडवीत दिव्यांची माळ, दाराशी छोटासा गोठा, त्यात बाळ येशूची जागा २४च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवलेली. संध्याकाळी सात-साडेसातला तिथून नुसतं चालत जायलासुद्धा एकट्याला बरं वाटतं. चालणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

खाऊच्या बाबतीतही वांद्रे पुढे. बेकऱ्यांतून प्लम केक, मार्झिपान, मिल्क क्रीम, गवा चीज (पेरूची वडी), कुलकुल असं सगळं एका चकरेत मिळतं. फक्त २३-२४ला जाऊ नका, रांगा रस्त्यावर येतात. १५-१६ तारखेला एखाद्या कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेलात तर दुकानदार दोन गोष्टी चाखायलाही देतो.

मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेचं सांगायचं तर, रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी असल्यामुळे मुंबईत बऱ्याच ठिकाणी ‘मिडनाइट’ मिस्सा दहाच्या आतच आटोपते. मैदानात खुर्च्या मांडलेल्या असतात, पाहुण्याला सहज जागा मिळते. सेंट अँड्र्यूज हे १५७५चं चर्च, तिथलं वातावरण भारदस्त, गाणी सुरेख. बहुतेक सगळं इंग्रजीत. मला अडचण काही नव्हती, पण कार्यक्रम बघायला आल्यासारखं वाटत राहिलं, एवढं खरं.

आणि मग भूक लागते. माझ्यापुरता वांद्र्याचा निकाल इथेच लागला.

मिस्सा संपून नऊ-साडेनऊला बाहेर पडलो की सगळं वांद्रे जेवायला निघालेलं असतं. हॉटेलच्या दाराशी वही घेऊन उभा असलेला मुलगा विचारतो, "सर, किती जण?" आपण म्हणतो, "एक." तो आपल्या खांद्यामागे बघतो, बाकीचे गाडी लावून येतायत का म्हणून. कोणी येत नाहीये हे कळल्यावर नाव लिहून घेतो आणि थांबायला सांगतो. मग मागून सहा जणांचा घोळका येतो, त्यांना दोन टेबलं जोडून मिळतात. मागून जोडपं येतं, त्यांना कोपऱ्यातलं टेबल. आपलं नाव वहीत तसंच. चूक त्या पोराची नाही. वर्षातल्या सगळ्यात कमाईच्या रात्री चार खुर्च्यांचं टेबल एका माणसाला कोण देईल? पुढच्या ठिकाणी त्या रात्रीपुरता ठरलेला मेनू होता, तोही दोघांच्या हिशेबाने. गाण्याबजावण्याच्या जागी तर दारातच ‘स्टॅग नॉट अलाउड’. एकट्या पुरुषाला ह्या शहरात हे नाव आहे, हे मला त्या रात्री कळलं. शेवटी रस्त्याकडेला उभ्याने एक रोल खाल्ला आणि स्टेशनपर्यंत चालत आलो, कारण तेवढ्याशा अंतरासाठी एकही रिक्षा थांबेना. रोल चांगला होता, तक्रार नाही. पण दिवसभर जे जाणवलं नव्हतं ते नेमकं जेवणाच्या वेळी तीन-तीनदा विचारून पक्कं करून घेतलं गेलं.

आता वसई. वसई म्हणजे स्टेशनजवळचे टॉवर आणि ट्रॅफिक नव्हे. पश्चिमेला उतरायचं, शेअर रिक्षा पकडायची आणि पापडीच्या बाजूला सुटायचं. किंवा गास, निर्मळ, नंदाखाल ह्या पट्ट्यात जायचं, मात्र त्यासाठी नालासोपारा किंवा विरार सोयीचं. पाच-दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना केळीच्या आणि फुलांच्या वाड्या लागतात आणि आपण लोकलने आलो हे विसरायला होतं.

इथे बघायचे ते गोठे. प्रत्येक आळीचा वेगळा, तरुण पोरांनी रात्री जागून केलेला, आणि त्यांच्यात चुरस असते. मी ज्या गोठ्यापाशी बराच वेळ रेंगाळलो त्यात बेथलेहेम नव्हतंच, अख्खी वसईची वाडी होती. कौलारू घर, विहीर, विहिरीवर रहाट. माशांच्या टाकीला लावतात तसल्या छोट्या पंपावर तो रहाट खरोखर फिरत होता आणि पाटातून पाणी वाहत होतं. मेंढरांपुढचं गवतसुद्धा खरं. दोन आठवडे आधी ताटात धान्य पेरून उगवलेलं, घटस्थापनेला आपण पेरतो अगदी तसं. पंप अधूनमधून अडकायचा, की एक दहा-बारा वर्षांचा पोरगा पोटावर झोपून आत हात घालायचा आणि रहाट पुन्हा सुरू. मी बघतोय म्हटल्यावर त्याने मला पाटाची सगळी वळणं समजावून सांगितली. त्याची आजी, लाल लुगड्यातली, त्याच्यावर कादोडीत ओरडत होती. सामवेदी ख्रिस्ती लोकांची ही बोली मला निम्मी कळली. पण कपडे मळवल्याबद्दल चाललंय हे कळायला निम्मी पुरे.

मिस्सा मराठीतून. ज्याने कधी ऐकली नाही त्याने एकदा तरी ऐकावी. मी गेलो तिथे पेटी-तबल्यावर गाणी होती, प्रवचन आपल्या भाषेत, आणि शेजारच्या काकांनी न मागता गाण्याचा कागद पुढे सरकवला. (कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या रांगेत आपण जायचं नसतं, जागेवर बसून राहायचं. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.) ज्यांना ह्या मराठीचं नवल वाटतं त्यांना एवढंच सांगतो की ‘सुवार्ता’ मासिक इथलं, आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटोही इथलेच.

वसईतही एक प्रश्न ठरलेला असतो: "कोणाकडे आलात?" पहिल्यांदा मी चाचरलो. "कोणाकडे नाही, असाच आलो," म्हटल्यावर समोरचे क्षणभर बघत राहतात, मग कुणीतरी कागदी बशीत केकचा तुकडा आणि करंजी आणून देतं. घरी जेवायला बोलावतीलच अशी अपेक्षा धरून जाऊ नका, तो दिवस त्यांच्याही घरच्यांचा असतो. आणि हाच प्रश्न पाच-सहा जणांनी विचारला की थोडा कंटाळाही येतो. पण त्याचं उत्तर दिल्यावर पुढे बोलणं होतं, वहीत नाव लिहून थांबावं लागत नाही.

वसईच्या उण्या बाजू लपवत नाही. मिस्सा उशिराची असेल तर परतताना शेअर रिक्षा मिळत नाही, स्पेशल करावी लागते आणि भाव तो सांगेल तो. शेवटच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा, सुट्टीचं वेळापत्रक असेल तर तेही. वाड्यांमधले रस्ते अंधारे आहेत. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की एकट्या बाईला रात्री अकराला वांद्र्याची गर्दीच बरी, आणि तिचं म्हणणं मला पटतं. तिने ह्या तुलनेचा निकाल कदाचित उलटा दिला असता. मच्छरांबद्दल बोलत नाही, ते दोन्हीकडे आहेत.

दुसरं म्हणजे २५ची दुपार. वांद्र्यात निदान दुकानं आणि समुद्र असतो. वसईत सगळे दार लावून आपल्या माणसांत जेवत असतात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या वेळी किल्ल्यात जावं. पोर्तुगीजांच्या चर्चेसचे अवशेष, दर्यादरवाजा, शांतता. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. आमच्या नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. लहानपणापासून गोदावरीच्या काठावर जी घंटा बघत आलो, ती मुळात कुठे वाजत असेल हे त्या पडक्या भिंतींमध्ये उभं राहून शोधण्यात माझी दुपार मजेत गेली. नाशिककर नसाल तर तुम्हाला तासाभरात पुरे होईल.

तेव्हा ठरवायचं असेल तर माझ्यापुरता हिशेब असा. खरेदी आणि रोषणाई वांद्र्याची, २०च्या आत एखाद्या संध्याकाळी उरकून घ्या आणि जेवायला घरी या. २४ची रात्र एकट्याने काढायची असेल आणि परतीची सोय नीट लावता येत असेल, तर मी वसईचं तिकीट काढेन. एखादा मित्र सोबत निघाला तर मात्र हे सगळं लिहिलेलं बाजूला ठेवा, दोघांना वांद्र्यात टेबल मिळतं. आणि ३१ला वसईत जाऊ नका. त्या रात्री वांद्र्याच्या गल्ल्यांत पोरं जुन्या वर्षाचा ‘ओल्ड मॅन’ बनवतात, दिवसभर त्याच्या नावाने पैसे मागत फिरतात आणि बाराला तो जाळतात. ते बघायला उभं राहण्यापुरती जागा लागते, आणि ती एकट्याला सगळ्यात आधी मिळते.