गाडीची समोरची काच: भरून घ्यायची की बदलायची?

अमरावती रोडवर गिट्टीच्या ट्रकमागे राहिलात की कधीतरी काचेवर खडा बसतोच, आणि टवका उडून टिकलीसारखी खूण पडते. टिकली रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, कडेपासून लांब असेल, तर भरून घ्या. त्यात रेझिन, म्हणजे पातळ चिकट द्रव, सोडून अतिनील प्रकाशाने सुकवतात. तासाभरात काम होतं, आणि कंपनीचं मूळ सील तसंच राहतं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुसट डाग मात्र उरतो.

पण नागपूरच्या उन्हाळ्यात दिरंगाई नको. ४५ अंशांत तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला की टिकली तडकून तिची रेघ होते. दुरुस्तीपर्यंत तिच्यावर पारदर्शक टेप लावा.

रेघ कडेला पोचली, किंवा चालकाच्या नजरेसमोरच आली, तर काच बदलाच. नव्या एसयूव्हीत आरशामागे एडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असतो. काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करावं लागतं, नाहीतर आपोआप लागणारा ब्रेक चुकू शकतो. खर्च विचारताना हेही विचारा. काच चिकटवणारं युरेथेन सुकेपर्यंत गाडी हलवू नका.

विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण दाव्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो.