नाक मोठेपणी आखूड होईल, असे सांगून विकलेला ‘शित्झू’

एकतीस वर्षे बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला कुत्र्याच्या पिल्लापायी ३२,५०० रुपयांना फसवले गेले, हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण तो विक्रेता पुण्यात अजूनही पिल्ले विकतो आहे.

पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरात मांडीवर बसेल, फार फिरवावा लागणार नाही, असा कुत्रा हवा होता. शित्झू या जातीविषयी मी नीट वाचले होते. वजन साधारण चार ते सात किलो, मोठे गोल डोळे, चपटे नाक, नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढत असल्यामुळे शेवंतीच्या फुलासारखा दिसणारा चेहरा, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी आणि अनोळखी माणसाशीही चटकन जुळवून घेणारा स्वभाव. मी माहिती न काढता गेलो, असे कृपया कोणी म्हणू नये.

जाहिरातीतल्या व्हिडिओत अगदी तसेच पिल्लू होते. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे सांगून विक्रेत्याने ५,००० रुपये आगाऊ घेतले, केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) कागदांचे म्हणून ४,५०० घेतले आणि उरलेले २३,००० पिल्लू देताना द्यायचे ठरले. पिल्लाची आई दाखवा म्हटल्यावर ती गावाकडे असल्याचे उत्तर आले. आई दाखवत नसतील तिथे एक रुपयाही देऊ नका.

पिल्लू मिळाले ते महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये, अंधार पडल्यावर, टॉवेलात गुंडाळलेले. माझी मुलगी लगेच म्हणाली, “बाबा, याचं नाक लांब वाटतंय.” तो म्हणाला, “काका, मोठं झालं की नाक आत जातं.” खरे तर पिल्लू वाढते तसे त्याचे नाक पुढे येते, आत कधीच जात नाही, आणि शित्झूचा चेहरा लहानपणापासूनच चपटा असतो. हे मला त्या क्षणी समजायला हवे होते. मोबाइलच्या उजेडात मी ते नाक स्वतः पाहिले होते. पण तोवर त्याने पिल्लू गाडीत बसलेल्या पत्नीच्या मांडीवर ठेवले होते, तिचे डोळे भरून आले होते, आणि मी २३,००० रुपये पाठवून दिले. त्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, ते मला सांगा.

तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. पशुवैद्यांनी दात पाहून वय जेमतेम पाच आठवडे सांगितले. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकताच येत नाही. कागदावर मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा) पंधरा आकडी क्रमांक होता, स्कॅनर फिरवल्यावर मात्र चिपच सापडली नाही. हे स्पिट्झ आणि ल्हासा या दोन जातींचे मिश्र पिल्लू असावे, असे त्यांचे मत पडले. उपचारांचे ६,८५० रुपये वेगळे. पैसे देण्याआधीच डॉक्टरकडे चिप तपासून घ्या.

पोलीस चौकीत मला विचारले गेले, “कुत्रा मिळाला ना? मग फसवणूक कसली?” सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती फिरून त्याच चौकीत आली. प्राणी कल्याणाच्या कार्यालयाने विक्रेत्याचे नाव-पत्ता मागितला. ग्राहक आयोगाकडे जायचे तरी तोच हवा. तो पत्ता शोधून द्यावा यासाठीच तर मी पोलिसांकडे गेलो होतो! पैसे ज्या बँक खात्यात गेले त्याच्या केवायसीमध्ये त्या माणसाचे नाव, पत्ता आणि छायाचित्र आहे. पोलिसांचे एक पत्र आले की बँक ती माहिती देते, हे मी नोकरीत असंख्य वेळा पाहिले आहे. ते एक पत्र लिहायला चार महिन्यांत कोणालाही वेळ मिळालेला नाही, आणि चौथ्या खेपेला तर मलाच ऐकवले गेले की एवढ्या महागड्या हौशी करायच्याच कशाला.

पिल्लाचे कान आता ताठ उभे राहिले आहेत, वजन आठ किलोंच्या पुढे गेले आहे आणि दारावर कोणीही आले की ते भुंकते. त्याचा यात काही दोष नाही. ते आमच्याकडेच राहील.

गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ वेगळ्या मोबाइल क्रमांकासह पुन्हा दिसला. किंमत आता २६,००० रुपये आहे. व्हिडिओत मागे निळी बादली आहे आणि पिल्लाच्या उजव्या कानावर तपकिरी ठिपका आहे.