बेस गिटारचे पिकअप बदलताना सोल्डर मारावं की कनेक्टर लावावा?

पिकअप म्हणजे बेसच्या तारांचा कंप पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग. नवा बसवताना त्याच्या वायरी वितळवलेल्या कथलाने (सोल्डर) किंवा प्लग-स्क्रूने (कनेक्टर) जोडतात. आधी आवाजाचा वाद मिटवून टाकू. जॅझ बेसच्या साध्या पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपचा स्वतःचाच रेझिस्टन्स 7-8 किलोओहम असतो. नीट बसवलेल्या प्लगचा किंवा घट्ट आवळलेल्या स्क्रूचा रेझिस्टन्स एका ओहमच्याही आत. तेव्हा ‘सोल्डरने टोन भरीव येतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पुढे चला. फरक पडतो तो जोड किती टिकतो आणि काम कोण, कुठे बसून करणार यात.

ईएमजी कंपनीचा ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) सेट घेतला असेल तर निवड करायचा प्रश्नच फारसा उरत नाही. 25 किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे कमीजास्त होणारे रेझिस्टर), जॅक, बॅटरीची क्लिप, सगळं पिन आणि प्लगसकट येतं. जुने पॉट काढायचे, चित्र बघून प्लग खोचायचे, 9 व्होल्टची बॅटरी लावायची. ब्रिजकडून (बेसच्या तारा खाली जिथे अडकतात तो धातूचा भाग) येणारी ग्राउंडची तार तेवढी जोडायची नाही, असं कंपनीच सांगते. पण याच पॉटवर उद्या पॅसिव्ह पिकअप लावायचा विचार असेल तर तो सोडा. त्याला 250 किलोओहमचे पॉट लागतात, 25 वर ट्रेबल पार बसतो.

खरा पेच पॅसिव्हवाल्यांचा. तारा दोनच, हॉट (सिग्नलची) आणि ग्राउंड (परतीची). हॉट तार पॉटच्या पायाला जोडणं नवख्यालाही जमतं. घाम काढते ती ग्राउंडची तार, कारण ती पॉटच्या पाठीवर जोडायची असते. तो पत्रा उष्णता शोषून घेतो. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न टेकवून बसलात तर सोल्डर वितळायच्या आधी पॉटच्या आतला कार्बनचा ट्रॅक भाजायला लागतो. वर राखाडी, खरबरीत गोळा बसतो आणि तो नखाने उचकटतो. पाठ पॉलिश पेपरने घासून घ्या, 60 वॅटचं, रुंद टोकाचं आयर्न आणि 60/40 (कथील-शिसं) सोल्डरची तार वापरा, म्हणजे तीन-चार सेकंदांत चकचकीत थेंब पसरतो.

स्क्रूवाल्या टर्मिनलमध्ये हा त्रास नाही, पण एक खोडी आहे. सुट्या तारांच्या वायरचं टोक आधी सोल्डरने माखून मग स्क्रूखाली दाबू नका. दाबाखाली मऊ कथील हळूहळू सरकतं आणि जोड ढिला पडतो. तारा नुसत्या पिळून घाला, आवळा, ओढून बघा. लोकलच्या गर्दीत बॅगेतला बेस रोज हिंदकळत असेल तर अधूनमधून मागचं झाकण उघडून स्क्रू तपासावे लागतील. प्लगच्या साध्या पिनांवर मुंबईच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत गंज धरतो, मग खरखर सुरू. प्लग दोनदा काढून घातला की ती बहुधा जाते. ऐन गणपतीत स्टेजवर मात्र तेवढी सवड कोण देणार?

सामानाचं म्हणाल तर आयर्न, सोल्डर, स्लीव्ह (उघड्या जोडावर चढवायची नळी), मल्टिमीटर, सगळं लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत मिळतं. गिटारसाठीचे तयार सोल्डरलेस हार्नेस (पॉट, जॅक आणि तारांचा जुळवलेला संच) बहुतेकदा मागवावे लागतात, आणि पॉटचं माप आधी बघा: स्वस्त बेसच्या प्लेटची भोकं लहान असतात, जाड दांड्याचे पॉट त्यात बसत नाहीत.

माझा कौल असा. दोन-तीन सेट लावून बघायची हौस असेल तर कनेक्टर. एकदाच बदलून वर्षानुवर्षं वाजवायचं असेल तर सोल्डर, तेही पॉटला हात न लावता. जुन्या पिकअपच्या तारा पॉटपासून दोनेक इंच ठेवून कापा, नवीन तारा त्यांनाच जोडा आणि वर स्लीव्ह चढवा. ग्राउंडचा तो नकोसा थेंब टळतो. जुना पिकअप जपून ठेवा, बेस विकताना कामी येतो.

प्लेट बंद करायच्या आधी ॲम्प हळू लावून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. आवाज एकदम पातळ, पोकळ आला तर एका पिकअपच्या तारा उलट्या लागल्यात. कनेक्टर असेल तर मिनिटाभरात अदलाबदल होते, नसेल तर आयर्न पुन्हा तापवा.