पद्रोन १९६४ एक्स्क्लूसिवो मदुरो: सुट्टीत ओढून पाहिलेली सिगार

सुट्टीत सिगार नेहमीपेक्षा चांगलीच लागते. वेळ असतो, कोणी हाक मारत नाही, आणि जीभ त्या निवांतपणालाच दाद देऊन मोकळी होते. म्हणून प्रवासात नवी सिगार पारखायची असली की मी जरा कडक होते. पद्रोन कंपनीच्या ‘पद्रोन १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी’ मालिकेतली एक्स्क्लूसिवो, मदुरो रॅपरची (म्हणजे बाहेरचं गुंडाळलेलं पान गडद असलेली), मी आधी समुद्राच्या थेट वाऱ्यात गच्चीवर ओढली. नंतर तशीच दुसरी सिगार भिंतीच्या आडोशाला, जेवण झाल्यावर, सावकाश ओढली. माझं मत त्या आडोशाच्या संध्याकाळवर आधारलेलं आहे.

नावातलं १९६४ हे कंपनीच्या स्थापनेचं वर्ष. होसे ओर्लांडो पद्रोन क्युबा सोडून मायामीत आले, मित्राने दिलेल्या छोट्या हातोडीवर सुतारकाम करून त्यांनी पैसे साठवले आणि त्यातून सिगारचा धंदा उभा केला. ही मालिका ३० वर्षं पूर्ण झाल्यावर, १९९४ मध्ये आली. तंबाखू सगळी निकाराग्वाची, ४ वर्षं मुरवलेली. मुरवण्याचा हा आकडा मी फक्त जाहिरातीतला मानत नाही, कारण त्याचा परिणाम पहिल्या झुरक्यातच कळतो: घशाला कुठेही कच्ची, अमोनियासारखी धार लागत नाही.

एक्स्क्लूसिवो साडेपाच इंच लांब, ५० रिंग गेजची. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी साधारण २० मिलिमीटर. सिगार पेटीत दाबून चौकोनी केलेली असते आणि मला हा आकार मनापासून आवडतो. बोटांत नीट बसते, टेबलावर ठेवली तर गडगडत नाही. रॅपर गडद तपकिरी, किंचित तेलकट, शिरा जेमतेम दिसणाऱ्या. नवरा सिगार ओढत नाही, पण न पेटवलेली हुंगायला त्याचं नाक माझ्यापेक्षा तयार आहे. त्याने ती नाकाशी धरली आणि म्हणाला, “आजीच्या लाकडी कपाटासारखा वास आहे गं.” मला त्यात कोकोही जाणवला.

मदुरोबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की रंग काळा म्हणजे सिगार जबरी. पान जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवलं की ते गडद होतं आणि त्याला गोडसरपणा येतो. ताकद बरीचशी फिलरवर, म्हणजे आत भरलेल्या पानांवर ठरते. या सिगारमध्ये दोन्ही आहे, पण गोडवा आधी भेटतो.

सुरुवातीला थोडी मिरी, तीही नाकातून धूर सोडला तरच. मग कडू चॉकलेट, दूध न घातलेली कॉफी, भाजलेले दाणे. मधल्या भागात ही सिगार खरी खुलते. तिथे मनुकांसारखा एक ओला गोडवा येतो, सिडरच्या लाकडाचा वास मागून येतो, आणि दोन्ही एकमेकांना झाकत नाहीत. त्या वीसेक मिनिटांत मला बोलायचंही नव्हतं. राख करडी, घट्ट, इंचभर तरी टिकली. ड्रॉ, म्हणजे झुरका ओढताना धूर येण्याची सहजता, अशी की गाल आत ओढावे लागत नाहीत आणि धूर तोंडभर मिळतो. शेवटच्या भागात माती आणि कडवट कोको पुढे येतात, निकोटिनही जाणवायला लागतं. रिकाम्या पोटी ही सिगार पेटवू नका. पहिल्यांदाच सिगार हातात घेणाऱ्याला तर मी ही देणारच नाही.

गच्चीवर यातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. वारा लागला की निखारा भडकतो, धूर गरम होतो आणि गोडवा जळून फक्त कडूपणा उरतो. एक बाजू भराभर पुढे जाते आणि सारखी दुरुस्त करत बसावी लागते. खुल्या हवेत सिगार पारखणाऱ्यांनी आधी आडोसा शोधावा, खुर्ची नंतर. मिनिटाला एक झुरका पुरे. या वेगाने एक्स्क्लूसिवो तासाभराहून जास्त चालते, आणि तिला तेवढा वेळ द्यायलाच हवा. जोरदार ज्योतीचा जेट लायटर विमानात नेता येत नाही, म्हणून मी लांब काड्या वापरल्या. काडीचा गंधक पूर्ण जळून गेल्यावरच ती सिगारजवळ न्यायची, आणि आधी टोक दुरून शेकायचं.

प्रवासात ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची आर्द्रता राखणारी पेटी, नसला तरी चालतं. हवाबंद पिशवी आणि ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट पुरतं. समुद्रकाठी खरी भीती उलटी असते: दमट हवेत सिगार फुगते, रॅपर चिरतं, सारखी विझते. ओढायच्या वेळेपर्यंत ती पिशवीतच राहू द्या.

फिरायच्या ठिकाणी काचेच्या झाकणाच्या पेटीत ‘कोहिबा’ ही नामांकित क्युबन सिगार दाखवणारे विक्रेते हमखास भेटतात. त्या पेट्या नकलीच. कोहिबा तशा पेटीत येत नाही. पद्रोनच्या या मालिकेत मुख्य पट्टीखाली दुसरी पट्टी असते आणि तिच्यावर प्रत्येक सिगारचा वेगळा क्रमांक छापलेला असतो. पेटीऐवजी सुटी सिगार घेताना तो बघून घ्या. दोन सिगारवर एकच क्रमांक दिसला तर दुकानातून निघा.

महाग आहे, रोजची नाही. पण तासभर कोणी उठवणार नाही अशी संध्याकाळ हाताशी असेल तर मी हिचीच शिफारस करेन. तेवढा वेळ नसेल तर याच मालिकेतली प्रिन्सिपे घ्या, साडेचार इंच, ४६ रिंग गेज.