दसऱ्याला की दिवाळीला? बेळगाव परिसरात मुलांना घेऊन कुठं आणि कधी जावं

ऑक्टोबर जवळ आला की बेळगावातल्या मराठी घरांत एक अडचण ठरलेली असते. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी मिळते ती दसऱ्याला. कोल्हापूर-पुण्याच्या आतेमामेभावंडांना ती मिळते दिवाळीला. आपली मुलं मोकळी असतात तेव्हा पाहुणे नसतात. पाहुणे येतात तेव्हा आपल्या मुलांना सणाचे मोजके दिवस. त्यामुळे कुठं जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण या दोन सुट्ट्यांच्या मधल्या तीनेक आठवड्यांत इथलं पाणी, वाट आणि ऊन तिन्ही बदलतात.

पाण्याच्या जागा दसऱ्याच्या सुट्टीत उरकाव्यात. चढाच्या आणि उघड्यावरच्या जागा दिवाळीसाठी ठेवाव्यात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी लख्ख ऊन असतं आणि दुपारी तीननंतर परतीचा पाऊस विजांसह गाठतो. या दिवसांत सकाळी सातला घर सोडून दोनपर्यंत परतीला लागावं. दिवाळीच्या सुमाराला आभाळ निवळतं आणि पहाटे गारवा येतो, पण सहा-सव्वासहाला अंधार पडतो.

गोकाक की हलशी?

एका दिवसाच्या सहलीसाठी हे दोन पर्याय सर्वांत जास्त विचारले जातात. दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

गोकाकचा धबधबा शहरापासून साठेक किलोमीटरवर. घटप्रभा इथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, आणि कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असल्यामुळे समोरच्या काठावरून सगळा प्रपात एका नजरेत येतो. लहान मुलांना फार चालवावं लागत नाही, आजी-आजोबांनाही जमतं. पण पाणी किती असेल हे फक्त पावसावर ठरत नाही. वरच्या बाजूला हिडकल धरण आहे, त्याखाली धुपदाळचा बंधारा. धरण भरून दरवाजे उघडे असले तर धबधबा गढूळ आणि प्रचंड असतो. दरवाजे मिटले आणि पाणी कालव्याकडे वळलं की आठवड्याभरात कड्यावर नुसत्या धारा उरतात. महिनाभरापूर्वीचे फोटो बघून निघणारे इथंच फसतात. आदल्या दिवशी हिडकलमधून नदीत पाणी सोडलंय का एवढं बघावं. दैनिकांच्या आतल्या पानांवर ही बातमी असते.

धबधब्यालगतच्या सूतगिरणीजवळचा झुलता पूल मुलांना भुरळ घालतो, पण तो पाहुण्यांसाठी नेहमी उघडा नसतो. पुलावरून चालायला मिळेल असं वचन घरून देऊ नये. धबधब्याच्या माथ्यावरचा खडक सपाट दिसतो, म्हणून माणसं काठापर्यंत जातात. शेवाळलेल्या त्या खडकावरून पाय सुटला तर धरायला काही नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरूनच ठेवायचा, आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. काठावर चालुक्य शैलीचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ आहे, तेही बघावं. परतताना गोकाकचा करदंट घ्यावा. डिंक, सुकामेवा आणि गुळाचा हा पदार्थ बरेच दिवस टिकतो, त्यामुळे दिवाळीच्या पाहुण्यांसाठीही चालतो.

हलशी खानापूर तालुक्यात, बेळगावहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पूर्वीची पलाशिका, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आणि पृथ्वीला उचलून धरलेला वराह मुलं बराच वेळ निरखतात. अंगण मोठं, गर्दी नाही, पळायला जागा आहे. गोकाकला डोळे सतत मुलांवर ठेवावे लागतात, इथं मोठ्यांनाही टेकता येतं. दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर आम्ही डोळे झाकून हलशी सांगू.

हलशीची अडचण खाण्याची. जेवणाच्या हॉटेलाच्या भरवशावर जाऊ नये. भाकरी, सुकी भाजी, दहीभात आणि माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्यावं. वाट नंदगडवरून घ्यावी. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ते हेच गाव, आणि त्याची समाधीही इथंच. चौथी-पाचवीपासूनची मुलं शाळेत हे शिकलेली असतात, त्यांना धडा समोर दिसतो. खानापुरात कुंभारकाम जुनं आहे. पणत्या आणि मडकी तिथूनच आणली तर दिवाळीची एक खरेदी होते. पणती घेताना बोटाने टिचकी मारून बघायची. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजलेली. बद्द आवाजाची पणती कच्ची असते किंवा तिला बारीक चीर असते, आणि ती तेल झिरपवते. नवी पणती रात्रभर पाण्यात बुडवून, मग कोरडी करून वापरली की तेल कमी पिते.

याच तालुक्यात आणखी आत कणकुंबी आहे, मलप्रभेचा उगम. हिरवळ अप्रतिम, पण दसऱ्यापर्यंत तिथल्या गवतात जळवा असतात आणि गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर अवजड गाड्यांची वर्दळ असते. आठ वर्षांवरच्या मुलांना न्यायला हरकत नाही. बंद बूट, लांब मोजे आणि मिठाची पुडी सोबत हवी. जळू ओढून काढू नये, मीठ टाकलं की ती सुटते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये, धबधब्याचा फलक दिसला तरी.

कित्तूर उत्सव की शहरातलं सीमोल्लंघन?

कित्तूर उत्सवाची तारीख पंचांगावर हलत नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याने कंपनी सरकारच्या फौजेला हरवलं, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. म्हणून दरवर्षी २३ ते २५ ऑक्टोबर. या तारखा कधी दसऱ्याजवळ येतात, कधी दिवाळीत. कित्तूर महामार्गालगत, सुमारे ५० किलोमीटरवर, गाडीने तासाभराचं अंतर.

पहिल्या दिवशी मिरवणूक आणि उद्‌घाटन असल्यामुळे गर्दी सर्वांत जास्त, आणि गाडी बरीच लांब लावावी लागते. मोठे सांस्कृतिक कार्यक्रम रात्री उशिरा रंगतात. सहा वर्षांखालचं मूल तोवर झोपतं आणि त्याला उचलून गाडीपर्यंत चालत यावं लागतं. म्हणून लहान मुलं असतील तर मधल्या दिवशी सकाळी नऊला पोचावं. आधी किल्ल्यातला पडका वाडा आणि संग्रहालय बघावं, मग प्रदर्शनाचे गाळे, आणि ऊन चढायच्या आत निघावं. वाड्याच्या भिंतीतलं एक गोल छिद्र दाखवतात, त्यातून ध्रुवतारा दिसतो असं सांगतात. मुलं तिथं रांग लावतात. कार्यक्रम मुख्यतः कन्नडात असतात. इथल्या मुलांना ते समजतात, महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना कोणीतरी सांगत राहावं लागतं. चन्नम्माचं माहेर म्हणजे काकती, आपल्या शहराला लागूनच. जाण्याआधी मुलांना तेवढं सांगितलं तरी कित्तूर परकं वाटत नाही.

सीमोल्लंघन शहरातच, विजयादशमीच्या संध्याकाळी. गल्लोगल्लीच्या देवांच्या पालख्या वाजतगाजत कॅम्प भागातल्या मैदानावर येतात, पूजा होते आणि मग आपट्याचं सोनं लुटतात. खर्च काहीच नाही, आणि घरचे सगळे एकत्र जाऊ शकतात. पण सोनं लुटण्याची ती पाच मिनिटं लहान मुलांसाठी धोक्याची, कारण सगळा जमाव एकदम मध्याकडे झेपावतो. लहानग्यांना कडेला ठेवावं आणि आपट्याची डहाळी आधीच विकत घेऊन हातात द्यावी. साडेचारपर्यंत पोचलं तर पालख्या जवळून दिसतात. मुलाच्या खिशात मोबाइल नंबराची चिठ्ठी, आणि चुकामूक झाली तर भेटायची एक जागा आधी दाखवून ठेवलेली. मोबाइलवर अवलंबून राहू नये, एवढ्या गर्दीत फोन लागत नाहीत.

दोन्हींतलं एकच करायचं असेल तर सातवीपुढच्या मुलांना कित्तूर, त्याहून लहानांना सीमोल्लंघन.

नवरात्रातली दुर्गामाता दौड हा तिसरा पर्याय, आणि दहावीबारावीच्या मुलांना तोच सर्वांत आवडतो. घटस्थापनेपासून रोज पहाटे वेगळा मार्ग, आदल्या दिवशीच्या मराठी दैनिकात छापलेला. पांढरे कपडे, डोक्यावर फेटा किंवा टोपी, पाय अनवाणी. अनवाणी धावायची सवय नसलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी पूर्ण मार्ग धरू नये, डांबरावर तळपाय सोलतात. लहान मुलांना घेऊन आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, रांगोळी घालून स्वागताला उभं राहणं जास्त बरं.

आजी-आजोबा सोबत असतील तर

दूरचं काही नको. बेळगावचा भुईकोट किल्ला अर्ध्या दिवसात होतो. १२०४ सालची कमल बस्ती, तिच्या छतातलं दगडी कमळ बघायला मुलांना फरशीवर उताणं झोपू द्यावं, मान दुखत नाही. सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम त्याच तटाच्या आत. १८९२ च्या ऑक्टोबरातच स्वामी विवेकानंद बेळगावात राहिले होते. आत लष्कराचा भाग आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावं आणि मनाई असलेल्या ठिकाणी कॅमेरा काढू नये.

राजहंसगड मात्र दिवाळीतला. येळ्ळूरवरून गडापर्यंत गाडी जाते, वर शिवरायांचा भव्य पुतळा आणि सिद्धेश्वराचं देऊळ आहे. सावली जवळजवळ नाही. सकाळी साडेसहाला पोचून नऊच्या आत उतरावं. वर वारा जोराचा, तान्ह्या बाळाला कानटोपी हवीच. भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय हा सोपा पर्याय, फक्त मंगळवार टाळावा.

घरचा किल्ला: दोन्ही सुट्ट्यांना जोडणारा

सहलींच्या यादीत हे कोणी धरत नाही, पण मुलांचे सर्वांत जास्त दिवस यातच जातात. आपल्या मुलांनी पाया घालावा, पाहुण्या भावंडांनी येऊन तटबंदी आणि मावळे करावेत. दोन वेगळ्या सुट्ट्यांची अडचण इथं आपोआप सुटते.

चार फूट बाय तीन फुटांच्या किल्ल्याला आठ-दहा पाट्या लाल माती, पंचवीस-तीस जुन्या विटा आणि तीन-चार गोणपाटं पुरतात. आधी विटा-दगडांचा डोंगर रचायचा. गोणपाट पातळ गाऱ्यात बुडवून त्यावर पसरायचं आणि एक दिवस सुकू द्यायचं. मग मातीचा दोन बोटं जाडीचा थर. नुसत्या मातीचा उंच ढीग केला तर तो स्वतःच्या वजनाने खचतो, म्हणून आत विटा हव्यात. निव्वळ काळी माती वापरली तर वाळताना भेगा पडतात. पायऱ्या आणि बुरूज माती अर्धवट सुकल्यावर चमच्याने कोरावेत. ओल्यात कोरलं तर कडा ढासळतात, पूर्ण सुकल्यावर ढलप्या निघतात.

हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी, वसुबारसेच्या पाचसहा दिवस आधी पेरायची. अळीव भिजवू नये. भिजला की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, दाणे एकमेकांना चिकटतात आणि हिरवळ पुंजक्यापुंजक्याने उगवते. कोरडे दाणे ओल्या मातीवर भुरभुरायचे. पाणी तांब्याने ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, नाहीतर दाणे उतारावरून वाहून खंदकात जमतात. परतीच्या पावसाची भीती असेल तर रात्री ताडपत्री घालावी, मात्र ती काठ्यांवर उचलून. मातीला टेकली की हिरवळ पिवळी पडते.

लक्ष्मीपूजनानंतरच्या संध्याकाळी शहापूर, वडगाव, अनगोळ आणि जुन्या गल्ल्यांतले तरुणांनी केलेले मोठे किल्ले बघायला चालत निघावं. एका संध्याकाळी एकच भाग घ्यावा, गाडी घेऊन गल्लीत शिरू नये.

रस्ता, बस आणि एक तारीख

शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट नाही. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. चंदगड-गडहिंग्लजकडच्या मावशी-काकूंना तिकीट काढावंच लागेल, आणि आंतरराज्य बसमध्ये आपल्यालाही. गोकाक आणि कित्तूरला बस सोयीची. हलशीला परतीची शेवटची बस कधी आहे ते खानापूर स्थानकातच विचारून पुढं जावं.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू होतात. गोकाक, संकेश्वर, निपाणीकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे बऱ्याचदा दिवा नसतो. अंधार पडायच्या आत शहरात शिरता येईल असाच बेत आखावा. खानापूरकडच्या गावरस्त्यांवर याच दिवसांत भाताची मळणी चालते. पसरलेल्या पेंढ्यावर गाडी उभी करू नये, तापलेल्या सायलेन्सरने पेंढा पेटतो.

१ नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापना दिनाची, मोठी मिरवणूक असते आणि मराठी भाषकांची निषेध फेरीही. मध्यवर्ती रस्ते वळवलेले असतात. त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे येणार असतील तर त्यांना स्थानकाऐवजी महामार्गाच्या कडेला उतरायला सांगून तिथूनच घरी आणावं.