लेबलं छापायची तर मेनरोडच्या गल्लीतला हा छापखाना

मेतकूट, भाजणी, गोडा मसाला घरी करून विकणाऱ्यांची एक कायमची डोकेदुखी म्हणजे लेबलं. मोठे प्रेसवाले हजाराच्या खाली बोलतच नाहीत. नाशिकच्या मेनरोडच्या गल्लीतले हे छापखानेवाले काका तीनशेसुद्धा छापून देतात, तेही तोंड वाकडं न करता.

मुळात हा लग्नपत्रिकांचा छापखाना. २०२० मध्ये करोनामुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत सगळं उरका. पंचवीस माणसांसाठी पत्रिका छापतो कोण? मोबाईलवर फोटो टाकला की झालं आमंत्रण. काकांनी आधी ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’चे स्टिकर काढले. मग माझ्यासारख्या, घरूनच काहीबाही विकायला लागलेल्या बायका यायला लागल्या आणि मिनी ऑफसेट, म्हणजे छपाईचं छोटं मशीन, पुन्हा फिरू लागलं.

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धतही तेव्हाचीच. आठवत असेल, मार्च २०२१ च्या शेवटी नाशकात बाजारात शिरायला माणशी ५ रुपयांची पावती होती. मुदत एक तास, जास्त रेंगाळलं तर ५०० रुपये दंड. (खरेदीला गेलेल्या बायकांना तासाची मुदत देणारा कधी साडी घ्यायला गेला नसावा.) आणि काकांकडे तासाभरात प्रूफ होणं अशक्यच. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर ते मूळ कागदाशी ताडून बघतात, एकेका आकड्याखाली पेन्सिलीचं टिंब देत. वजन, बॅच, तारीख हेही तसंच.

त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं की म्हणतात, “कसली जिद्द ताई, गाळा स्वतःचा होता. भाडं असतं तर मशीन भंगारात घातलं असतं.” कर्जाच्या हप्त्यांना सहा महिने सवलत मिळाली, पण व्याज काही थांबलं नव्हतं, ते नंतर भरत बसले. शेजारचा झेरॉक्सवाला भाड्याने होता. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दोघंही सारखेच कष्टाळू, हे मी स्वतः पाहिलंय.

तक्रारी आहेत. हिरवा रंग मळकट येतो. शाकाहारीचा ठिपका शेवाळी दिसला तर सरळ परत करा, बदलून देतात. साधं स्टिकर घेऊ नका, तेलकट हात लागला की शाई पसरते. चार पैसे जास्त गेले तरी मॅट लॅमिनेशन करून घ्या. दिलेल्या तारखेवर मात्र विसंबू नका. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी होते आणि आपलं काम मागे पडतं. दिवाळीच्या मालाची लेबलं हवी असतील तर नवरात्राआधीच ऑर्डर टाका. आणि चारचाकी गल्लीत घालू नका, मागे घेताना घाम फुटतो.