आधी कोणता बघावा, 'परफेक्ट डेज' की 'टोकियो सोनाटा'?

टोकियोतल्या एकटेपणावरचे हे दोन सिनेमे. एकच रात्र मोकळी असेल तर कोणता लावावा, असं मला बरेचदा विचारतात. दोन्ही मी दोन-दोनदा पाहिलेत. दोन्हींत कोजी याकुशो हा नट आहे, दोन्हींत सफाईचं काम करणारा माणूस आहे, त्यामुळे एकाचं नाव निघालं की मला दुसरा आठवतोच.

'परफेक्ट डेज' (2023) दिग्दर्शक विम वेंडर्सचा. यातला हिरायामा (याकुशो) टोकियोच्या शिबुया भागातले सार्वजनिक संडास साफ करतो, जुन्या कॅसेट ऐकतो, झाडांचे फोटो काढतो. याकुशोला यासाठी कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला आणि तो त्याच्या चेहऱ्याने कमावलेला आहे, कारण संवाद जेमतेमच. संडासात कुणीतरी खोचून ठेवलेल्या कागदावर हिरायामा रोज एक खूण करतो आणि अनोळखी माणसाशी फुली-गोळा खेळतो. ही कल्पनाच मला फार आवडते. हरवून रडणाऱ्या एका पोराला तो हाताला धरून बाहेर आणतो, तोही प्रसंग तसाच. आई येते, हिरायामाकडे बघतही नाही, पोराचा हात आधी ओल्या रुमालाने पुसते.

पण त्या रुमालावरच माझं घोडं अडतं. पुसण्यासारखं त्या हाताला लागलंय काय?

मी दोन वर्षं एका मॉलमध्ये हाउसकीपिंगची पाळी सांभाळली आहे. हिरायामा छोटा आरसा घेऊन भांड्याच्या कडेखाली डोकावतो, ते बघून मी सुखावलो. असं काम करणारी माणसं मी पाहिलीत. पण त्या आरशात काहीच दिसत नाही. तो ज्यावर ब्रश फिरवतो ते आधीच लखलखीत असतं. त्याचं कारणही आहे. हे 'द टोकियो टॉयलेट' प्रकल्पातले संडास, 17 जागी नव्याने बांधलेले, तादाओ आंदो आणि शिगेरू बान यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांचे. वेंडर्सला मुळात त्यांच्यावर छोट्या फिल्म करायला बोलावलं होतं. पाहुणा घर बघतो तसा कॅमेरा ते संडास बघतो.

मला हे खटकतं ते अशासाठी की सफाईवाल्याचं एकटेपण त्या घाणीतूनच येतं. घाण करून गेलेला माणूस बाहेर पडताना तुमच्या डोळ्याला डोळा देत नाही, आणि हे रोज होतं. घाण काढून टाकली की उरतो तो आवडीने एकटा राहणारा माणूस. बहिणीची ड्रायव्हरसकट आलेली गाडी पाहिल्यावर तर हे आयुष्य त्याने निवडलंय असंच वाटतं. निवडलेलं एकटेपण सुंदर असू शकतं, नाही असं नाही. पण माझ्या पाळीवर ते कुणी निवडलेलं नव्हतं.

'टोकियो सोनाटा' (2008) कियोशी कुरोसावाचा. (प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशी नातं नाही, फक्त आडनाव एक.) ऑफिसातून काढून टाकलेला र्‍युहेई घरी सांगतच नाही. रोज सूट घालून निघतो, पुढे एका मॉलमध्ये सफाईचं काम धरतो, तिथे सूट उतरवून गणवेश चढवतो आणि संध्याकाळी पुन्हा सूट. इथे मी सिनेमा थांबवला होता. आमच्याकडे एक काका होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि गणवेश पिशवीत आणायचे. घरून फोन आला की सर्व्हिस लिफ्टपाशी जाऊन हळू आवाजात म्हणायचे, "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." र्‍युहेईचा तसाच बेकार झालेला मित्र आपला मोबाइल ठरावीक वेळाने आपोआप वाजेल असा लावून ठेवतो. जपानी प्रेक्षकाला तो प्रसंग कसा वाटतो कोण जाणे, माझ्या पोटात खड्डा पडला.

शिवाय इथे एकटेपणाला घरच्यांची सोबत आहे. कोचावर आडवी झालेली बायको दोन्ही हात वर करून म्हणते, मला कुणीतरी ओढून उठवा. नवरा तोवर आत निघून गेलेला असतो. ते रिकामे हात मला हिरायामाच्या सगळ्या झाडांपेक्षा जास्त आठवतात.

शेवटचा भाग मात्र भरकटतो. याकुशो चोर बनून घरात शिरतो आणि पुढची वीसेक मिनिटं दुसऱ्याच सिनेमातली वाटतात. पहिल्यांदा मला ती सहन झाली नाहीत, दुसऱ्यांदा झाली. तुम्हाला कदाचित दोन्ही वेळा होणार नाहीत.

दमून घरी आला असाल, शांतपणे झोपायचं असेल, तर 'परफेक्ट डेज' लावा, त्यात काहीच चूक नाही. वेळ एकाच सिनेमाचा असेल आणि घरातलं कुणी शेजारी बसणार असेल, तर मी 'सोनाटा' म्हणेन. मी दुसऱ्यांदा बायकोबरोबर पाहिला. संपल्यावर तिने विचारलं, "तुझ्या त्या काकांच्या घरी कळलं का रे शेवटी?" मला माहीत नव्हतं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.